आंधळीवर रुमाल

यंदा अनंत चतुर्दशीला दादाकडे कोथरूडला पत्ते खेळायला जमलो होतो. जमतोच दरवर्षी. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, टीव्हीवर मिरवणूक लाइव्ह लावलेली पण आवाज बंद, वहिनी सोफ्यावर पाय वर घेऊन अर्धवट झोपेत आणि आम्ही सहाजण खाली सतरंजीवर. जजमेंटचा (आपले हात किती होणार ते आधी बोलायचं आणि बरोबर तेवढेच करायचे, तो खेळ) शेवटचा, एका पानाचा डाव. भाचा पार मागे पडला होता म्हणून त्यानं पान उचललंच नाही, सरळ "आंधळी एक" म्हणून मोकळा झाला, आणि काकांनी सवयीनं खिशातनं रुमाल काढून त्याच्या पालथ्या पानावर पसरला. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण त्यांच्या खिशात अजून घडी घातलेला कॉटनचा रुमाल असतो. दादाच्या सुनेचा हा लग्नानंतरचा पहिलाच गणपती. तिनं विचारलं, "हा रुमाल कशाला?"

सगळ्यांनी एकदम उत्तरं दिली आणि प्रत्येकाचं वेगळं. काका म्हणाले, फॅनच्या वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून. काकू म्हणाली, काहीतरीच काय, वाड्यात फॅन होता कुठे, घामाचा हात लागून पान खराब होऊ नये म्हणून असायचा तो. दादाचं म्हणणं असं की आजीला नाटकं करायला आवडायची, बाकी काही नाही. भाचा म्हणाला मला तर लहानपणी वाटायचं रुमालाखाली पान बदलतं, जादूच्या प्रयोगात बदलतं तसं. मग सून माझ्याकडे बघायला लागली. "आत्या, तुम्हाला माहितीये?" मी म्हटलं, "नाही गं, मी लहान होते तेव्हा," आणि बाकरवडी तोंडात टाकली.

खोटं बोलले. तो रूल माझ्यामुळे झालाय.

घरी यायला दीड वाजला, झोप काही येईना. पन्नाशीला आलेल्या बाईनं सहावीतली गोष्ट लपवायची म्हणजे जरा जास्तच झालं. सांगून टाकलं असतं तर सगळे हसले असते, काकूनं दोन दिवस चिडवलं असतं, संपलं असतं. पण तोंडातनं "नाही गं" गेलं आणि ते जे गेलं ते इतक्या सहज गेलं की मलाच कसंतरी झालं.

तेव्हा आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. लक्ष्मी रोडला लागून असलेला बोळ, त्यात वाडा, त्याला लाकडी गॅलरी, आणि त्या गॅलरीच्या एका टोकाला उभं राहिलं की समोरच्या दोन बिल्डिंगांच्या मधनं लक्ष्मी रोडची हातभर फट दिसायची. बस तेवढीच. त्या फटीतनं अख्खी मिरवणूक बघायची. एक हत्तीएवढा रथ आला की दोन सेकंद सगळं झगझगायचं आणि पुढे गेला की परत अंधार. दगडूशेठ यायचा तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असायची (आताशा तो दुपारीच निघतो, तेव्हाच्या लोकांना सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं), आणि त्याची ती लायटिंग बघायची म्हणून सगळं घर जागं. आवाज मात्र भरपूर यायचा. ढोल जवळ आले की फडताळातल्या पितळी डब्यांची झाकणं थरथरायची, आणि अनुभवी माणसाला त्या झाकणांवरनं कळायचं पथक कुठवर आलंय ते. त्या टोकाला एक लोखंडी घडीची खुर्ची बसायची. एकच. बाकीच्यांनी मागे उभं राहून माना लांब करायच्या. ती खुर्ची कुणाला, ते पत्त्यांवर ठरायचं. म्हणजे म्हणायला पत्त्यांवर, तशी ती दरवर्षी आजीलाच मिळायची, कारण जजमेंटमध्ये आजीला हरवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं आणि हे बाबा स्वतःच म्हणायचे.

आजी फार शिकलेली नव्हती पण पानं मोजायची. कुणाकडे कुठला रंग संपलाय हे तिला तिसऱ्या हाताला कळलेलं असायचं. आमच्याकडे आठ पानांपासून डाव सुरू व्हायचा नि एकापर्यंत उतरायचा, सहा माणसं, अठ्ठेचाळीस पानं वाटायची, चार बाजूला. हुकूम ठरलेला: इस्पिक, चौकट, किलवर, बदाम, परत इस्पिक. या हिशोबानं आठ डावातला शेवटचा डाव कायम बदामचा येतो. बोललं तेवढे हात झाले की दहा अधिक बोललेले, चुकलं की भोपळा. शून्य जमलं तरी पूर्ण दहा. काकूच्या माहेरी शून्याला पाचच धरायचे, कारण "काही न करण्याचे एवढे मार्क कशाला", आणि लग्न होऊन आली त्या वर्षी यावरनं तिची नि आजीची जी जुंपली ती काकू अजून रंगवून सांगते. आजीचं म्हणणं, आठ पानं हातात असताना एकही हात अंगावर येऊ द्यायचा नाही हे सात हात करण्यापेक्षा अवघड असतं, कधी संसार करून बघ मग कळेल. स्कोअर लिहायला जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेची कोरी बाजू फुकट जाते याचं आजीला फार वाईट वाटायचं, त्यामुळे आमच्याकडे चि. आणि चि.सौ.कां.च्या मागे सगळ्यांचे वजा-अधिक लिहिलेले असायचे.

शेवटचा डाव आमच्याकडे कपाळाचा. एकच पान, ते स्वतः बघायचं नाही, चित्र बाहेर करून कपाळाला लावून धरायचं. बाकी पाचजणांची पानं तुम्हाला दिसतात, तुमचं सोडून. मग दुसऱ्यांच्या तोंडांवरनं अंदाज करायचा आणि बोलायचं, एक का शून्य. बहुतेक घरात हा प्रकार मुलांसाठी असतो, आमच्याकडे मोठेच जास्त चेकाळायचे. सहा माणसं कपाळाला पत्ता लावून एकमेकांकडे टक लावून बसलेली, आजोबा मधल्या खोलीतनं जाताना एकदा बघायचे, "वेड्यांचा बाजार" म्हणायचे आणि जायचे.

तर १९८८ च्या मे महिन्यातली गोष्ट. उकाडा मरणाचा. आजीनं पान कपाळाला लावलं आणि आम्ही सगळे गार. बदाम एक्का. हुकमाचा एक्का, त्याच्यावर काही नाही. सगळ्यांनी इतकी शांत तोंडं केली की विचारू नका, काकूनं तर सुतकी चेहरा केला, आणि आजी पहिल्यांदा नि शेवटची फसली. म्हणाली, शून्य. पान खाली घेतलं, बघितलं, आणि स्वतःच इतकी हसली की डोळ्यातनं पाणी. पान मात्र क्षणभर चिकटलंच होतं. आजी कपाळाला आधी मेण लावायची आणि त्यावर कुंकू, चांगलं रुपयाएवढं. घामानं ते सगळं ओलसर झालेलं, ते पानाच्या पाठीवर उमटलं. तिनं पदरानं पुसलं. कॅट निळ्या पाठीचा, जाळीची नक्षी. कुंकू गेलं, मेणाचा एक तेलकट ठिपका राहिला, जरासा गुलाबी. वरनं बघितलं तर काही दिसायचं नाही. पण खाली जमिनीवर, नजर पानाच्या बरोबरीनं आणि बल्ब समोर असला की तो ठिपका चमकायचा.

माझी उंची तेव्हा बरोबर तेवढी होती.

आंधळी आणली काकांनी, त्यांच्या कॉलेजच्या हॉस्टेलवरनं. पान उचलायच्या आधी, कपाळालाही न लावता बोलायचं. जमलं तर दुप्पट, चुकलं तर तेवढेच वजा. म्हणजे एका पानाच्या डावाला आंधळी एक, बावीस मिळणार नाहीतर बावीस जाणार. आजीनं ती घरात घेताना एकच अट घातली, पुढे असलेल्याला आंधळी नाही, मागे असेल त्यानंच लावायची. ज्याच्याकडे आहे त्यानं उधळू नये असं काहीतरी ती म्हणाली होती. गंमत म्हणजे हीच अट मला मागच्या वर्षी परत भेटली. भाचा कॉम्प्युटरवर स्पेड्स नावाचा पत्त्यांचा अमेरिकन खेळ खेळतो, त्यात एकही हात न करण्याची बोली म्हणजे नील, तिचे १०० आणि पानं न बघता लावली तर २००, आणि बरेच लोक ती ब्लाइंड नील १०० पॉइंटनी मागे असलात तरच लावू देतात. कुठली अमेरिका आणि कुठली नारायण पेठ. ब्रिजमध्ये मात्र उलटं आहे. बाबा संध्याकाळी ब्रिज खेळायला जायचे, २०१८ मध्ये जकार्ताच्या एशियन गेम्सला ब्रिजच्या मेन्स पेअर्समध्ये भारताला गोल्ड मिळालं, जिंकणाऱ्यांपैकी एक ६० वर्षांचे आणि दुसरे ५६, तेव्हा तर बाबा आठवडाभर पेपरचं कात्रण पाकिटात घेऊन हिंडत होते. तर बाबांनी मला सांगितलेलं, ब्रिजमध्ये एक गेम जिंकलात की तुम्ही व्हल्नरेबल होता, म्हणजे पुढे गेलात म्हणून धोका वाढतो, चुकलात तर दंड जास्त आणि जमलं तर बक्षीसही जास्त. बारा हात बोलून केले तर स्मॉल स्लॅमचे ५०० असतात त्याचे ७५० होतात, तेराच्या तेरा बोलून केले तर १००० चे १५००.

पण "बोलून" हे महत्त्वाचं. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये कमी बोलून जास्त हात झाले तरी ते गेमला धरले जायचे. १९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन श्रीमंतानं पनामा कालव्यातनं जाणाऱ्या एका बोटीवर मित्रांबरोबर खेळताना नवा हिशोब मांडला, की जेवढं बोलाल तेवढंच गेमला धरणार, आणि स्लॅमचा बोनस पाहिजे तर आधी तोंडानं स्लॅम बोला. बाबांना हे फार आवडायचं. "धाडस केलं कधी म्हणायचं, तर आधी सांगून केलं तर, नाहीतर नशीब." व्हल्नरेबल हा शब्द म्हणे त्या बोटीवरच्या एका तरुण मुलीनं सुचवला, आणि तिचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शंभर वर्षं सगळं जग तिचा शब्द बोलतंय. परवा रात्री जागी असताना मला सारखी ती मुलगी आठवत होती, का ते माहीत नाही.

१९८८ चे गणपती. शेवटच्या डावाला आजीचे ६४ आणि माझे ५३. अकराचा फरक, नीट खेळून मी फार तर बरोबरी केली असती, तीसुद्धा आजी चुकली तर. पत्रिका दादाच्या मांडीवर, पेन्सिल त्याच्या कानावर. बाबांनी वाटलं. माझ्यासमोर पान पडलं, पालथं, आणि त्याच्यावर तो ठिपका. मला आधी वाटलं पाण्याचा थेंब आहे. मग जरा मान वाकडी केली, चमकला. पोटात असं खड्डा पडल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, भीती वगैरे नव्हती ती, मजा होती. मेंढीकोटात बंद हुकमाचं पान मांडीखाली दाबून बसलं की जशी गुदगुली होते, आपल्याला माहितीये आणि दुनियेला नाही, तशी. मी म्हटलं, "आंधळी एक."

काका ओरडलेच, "शाब्बास!" बाबा म्हणाले, "अगं बावीस जातील." दादा हसायला लागला. काकू म्हणाली लावू दे तिला, काय व्हायचंय. सगळ्यांनी पानं कपाळाला लावली. माझं तेवढं जमिनीवर. आजीची बोलायची पाळी माझ्यानंतर लगेच होती, ती म्हणाली, "शून्य." मग बाकीचे बोलले, पानं पडली, मी माझं उलटवलं. बदाम एक्का. जो काय गोंधळ झाला! मला काकांनी उचलून घेतलं, आईसुद्धा चहा सोडून बाहेर आली. माझे झाले ७५. आजीचं शून्य जमलं, तिचे दहा मिळून ७४. एका पॉइंटनी मी जिंकले आणि खुर्ची माझी.

झाकणं थरथरायला लागली तेव्हा मी खुर्चीत जाऊन बसले. खुर्चीचं लोखंड गार, फ्रॉकमधनं मांड्यांना लागत होतं. खालनं ओल्या गुलालाचा नि जनरेटरच्या धुराचा वास येत होता. आजी माझ्यामागे उभी राहिली. तिचे गुडघे दुखायचे, तिनं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, ठेवला म्हणजे भारच टाकला. तो हात जड होत गेला. मी उठायला पाहिजे होतं, तेव्हाही मला ते कळत होतं, पण जिंकलेल्या माणसानं उठायचं म्हणजे काय, सगळ्यांना वाटलं असतं काहीतरी गडबड आहे. म्हणून बसून राहिले. दगडूशेठचा रथ फटीत आला, दोन सेकंद सगळी गॅलरी पिवळी झाली, आणि मला आजही विचाराल तर त्या वर्षीचा रथ आठवत नाही, खांदा आठवतो.

दिवाळीत परत पत्ते निघाले. शेवटच्या डावाला काकांनी आंधळी म्हटली आणि आजीनं कमरेचा रुमाल काढून त्यांच्या पानावर टाकला. "आजपासून आंधळीवर रुमाल." कुणी विचारलं नाही का म्हणून, आजीच्या रूलना कारणं विचारायची पद्धत नव्हती. वाटून झालं की आंधळीवाल्यानं नजर वर करायची आणि शेजाऱ्यानं रुमाल टाकायचा. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मी मात्र तेव्हाच समजले की हिला कळलंय. ठिपका दिसला असेल कधीतरी, बसला असेल मेळ. आणि तिनं मला पकडलं नाही, रागावली नाही, नवा कॅटसुद्धा आणला नाही, नुसता रुमाल टाकला. तेव्हा मला ती सुटकाच वाटली. १९९३ ला आजोबा गेले, त्यानंतर आजीचं कपाळ मोकळंच राहिलं, आणि तो जुना कॅट कुणी तरी फेकला की वाडा पाडताना गेला, कुणास ठाऊक. रुमाल तेवढा राहिला.

इतकी वर्षं माझी समजूत अशी की आजीला मागाहून कळलं. गणपती ते दिवाळी या मधल्या दिवसात. परवा रात्री छताकडे बघत पडले होते तेव्हा तो डाव पहिल्यांदा क्रमानं आठवला. मी बोलले, लगेच आजी बोलली. शून्य. आजी शेवटच्या डावाला कधीच शून्य बोलायची नाही. "उठताना रिकाम्या हातानं उठू नये" हे तिचं ठरलेलं, त्यापायी मे महिन्यातला तो एक डाव सोडला तर दरवर्षी ती डोळे झाकून एक बोलायची, मग सगळ्यांची पानं बघून वेळ काढायची वगैरे नाटक. आणि त्या रात्री तिनं वेळ काढलाच नाही. पान कपाळाला लावलं आणि कुणाच्याच कपाळाकडे न बघता खाली बघितलं. माझ्या पानाकडे. मग शून्य म्हणाली. ठिपका कुठल्या पानावर आहे हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार, तिच्याच तर कपाळाचा होता तो. म्हणजे पान उलटायच्या आधीच तिला माहीत होतं मी काय करतेय, आणि तिनं आपले दहा मुकाट्यानं पदरात पाडून घेतले आणि खुर्ची मला जाऊ दिली.

का जाऊ दिली ते मी किती तऱ्हांनी लावून बघितलं. प्रेमानं म्हणावं तर मग खांद्यावर तेवढा भार कशाला टाकला. आणि आणखी एक, जे मला काल आंघोळ करताना सुचलं आणि मी मगभर पाणी हातात धरून तशीच उभी राहिले: मे ते गणपती, मधल्या चार महिन्यात आजीसमोर ते पान कितीदा आलं असेल, आठ पानांच्या डावात, पाच पानांच्या डावात, समोरच्याच्या हातात पाठमोरं. तिला दिसत नसेल? ती पानं मोजायची म्हणून जिंकायची, हे खरंच. पण त्या वर्षी तर ती एकदाही हरली नव्हती.

दादा हे वाचेल. त्यानं माझे बावीस काढून टाकायचे तर टाकावेत, ५३ लिहावेत. आजीचे मात्र राहू दे.

त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. भाच्याचं पान निघालं चौकट तिर्री, बावीस वजा, सगळे हसले. सूनबाई मोबाइलवर स्कोअर मांडत होती, म्हणाली, "आत्ता कारणच कुणाला माहीत नाही तर काढून टाकू या ना हा रूल, उगाच काकाआजोबांना रुमाल काढायला लागतो." मुलगी गोड आहे, बोलली त्यात काही चूक नव्हतं. दादानं मानही हलवली. आणि मी म्हटलं, नको. जरा मोठ्यांदाच म्हटलं असणार, कारण सोफ्यावर वहिनी जागी झाली.

"असू दे गं," मी म्हटलं. "काका म्हणाले तेच बरोबर आहे. फॅनच्या वाऱ्यानं पान उलटतं."

काकांनी काकूकडे विजयी मुद्रेनं बघितलं, रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवला. सुनेनं मान वर करून फॅनकडे बघितलं. फॅन बंद होता, एसी लावलेला.